पाच हजार पत्रकं छापण्याआधी: ठाण्यात नवा धंदा सुरू करणाऱ्यांसाठी

चरईतल्या माझ्या छपाईच्या दुकानात दर आठवड्याला एकदोघं तरी येतात आणि आल्या आल्या विचारतात, "पाच हजार पत्रकं छापायचीत, उद्यापर्यंत मिळतील?" कुणी नोकरी सोडून घरगुती डबे सुरू केलेत, कुणी घोडबंदर रोडला सलूनसाठी गाळा घेतलाय, कुणाचे शिकवणीवर्ग जूनपासून आहेत. मी कागदाचा भाव सांगण्याआधी एवढंच विचारतो, "आजवर जी गिऱ्हाइकं आली, ती कुठून आली?" दहातल्या आठ जणांना ते सांगता येत नाही.

पत्रकं छापली की माझा गल्ला भरतो. पण ज्याची पत्रकं वाया गेली तो वर्षभरात पुन्हा दिसत नाही आणि त्याच्या गाळ्यावर दुसऱ्याचीच पाटी लागते, हे मी बरेचदा पाहिलंय. घरातले दागिने मोडून उभ्या केलेल्या धंद्याचे पैसे रद्दीत जाताना पाहवत नाहीत. म्हणून दुकानात जे तोंडी सांगतो, ते इथे क्रमाने लिहितो.

पहिली पायरी: शंभर पानी वही

जाहिरातीचा पहिला खर्च म्हणजे एक वही. चार रकाने आखा: तारीख, काय घेतलं, किती रुपयांचं, आणि "कुठून कळलं". शेवटचा रकाना रिकामा सोडायचा नाही. धंदा सुरू होऊन महिना झाला असेल तर आधीच्या गिऱ्हाइकांनाही फोन करून विचारा, लोक आनंदाने सांगतात.

विचारण्याची पद्धत मात्र नीट असू द्या. "आमची जाहिरात बघून आलात का?" असं विचारलं की समोरचा भिडेखातर हो म्हणतो. "आमचं नाव कुणाकडून कळलं?" असं विचारा आणि गप्प राहा. मग खरं काय ते कळतं.

वर्तकनगरच्या एक ताई पोळी-भाजीचे डबे देतात. त्या पत्रकं छापायला आल्या तेव्हा मी त्यांना वही घालायला लावली होती. दोन महिन्यांनी ती वही घेऊन आल्या. पानांच्या कडांना तेलाचे डाग, शेवटच्या रकान्यात घाईघाईचं अक्षर. त्यांना वाटत होतं की गिऱ्हाइकं फेसबुकवरून येतात, कारण तिथे त्या रोज फोटो टाकत होत्या. रकाना वरपासून खाली वाचला तर "वॉचमन, वॉचमन, शेजारच्या काकू, वॉचमन, ऑफिसातली मैत्रीण, वॉचमन." भाड्याने राहायला आलेली मुलं सामान उतरवता उतरवता गेटवर विचारतात, "काका, इथे डबा कुठे मिळतो?" आणि वॉचमन नंबर सांगतो. त्या संध्याकाळी आम्ही पाच हजार पत्रकांचा बेत सोडला आणि दोनशे कार्डं छापली. आसपासच्या इमारतींच्या गेटवर त्यांनी ती स्वतः नेऊन दिली आणि प्रत्येक वॉचमनला एक वेळचं जेवणही दिलं. नंबर वॉचमन आधीही देत होते, आता हातात कार्डही ठेवू लागले. महिन्याभरात डबे वाढले.

तुमच्या वहीत वॉचमनऐवजी दुसरंच काही निघेल. ते काय आहे हे कळल्याशिवाय पुढची पायरी चढू नका.

दुसरी पायरी: गरज कधी उभी राहते?

चावी आत राहिली, नळ फुटला, स्कूटर पंक्चर झाली, की माणूस त्याच मिनिटाला मोबाइलवर शोधतो नाहीतर वॉचमनला विचारतो. गेल्या आठवड्यात पेपरातून पडलेलं पत्रक तेव्हा कुणाला आठवत नाही. अशा धंद्यांनी गूगल मॅपवर दिसणं आणि मीटर बॉक्सजवळ, गेटवर नंबर असणं याला पर्याय नाही. (स्टिकर लावण्याआधी सोसायटीला विचारा. चोरून लावलेला स्टिकर खरवडून काढला जातो आणि नाव मात्र खराब होतं.)

डबा, इस्त्री, पाळणाघर, शिकवणी या रोजच्या गरजा. इथे लोक विश्वास शोधतात, आणि तो शेजारपाजारून येतो. केक, मेहंदी, फोटोग्राफी, मखर, रुखवत यांत माणूस काम डोळ्यांनी पाहून भुलतो, तिथे इन्स्टाग्रामचे फोटो आणि प्रदर्शनातलं टेबल उपयोगी. आणि वागळे इस्टेटमध्ये तुमचं मशीन शॉप असेल, दुसऱ्या कारखान्यांचं जॉबवर्क करत असाल, तर या लेखातलं निम्मं तुमच्यासाठी नाही. तुमचं गिऱ्हाईक शंभर-दोनशे कारखान्यांत आहे. नमुना पिशवीत घालून जा, पर्चेस बघणाऱ्याला भेटा, दर महिन्याला फोन करा.

याच पायरीवर अंतराचाही विचार करायचा. ठाणे नकाशावर एक दिसतं, पण गिऱ्हाइकासाठी ते पाच-सहा वेगळी गावं आहेत. नौपाड्यातला माणूस इस्त्रीसाठी कासारवडवलीला जाणार नाही. कोपरी पूर्वेला, राममारुती रोड पश्चिमेला, मध्ये रेल्वे. कळव्याला जायचं तर खाडी ओलांडा. घोडबंदर रोडवर संध्याकाळी दोन किलोमीटरला किती वेळ लागेल ते कुणी सांगू शकत नाही. म्हणून कागदावर दुकानाचा ठिपका काढा आणि गिऱ्हाईक किती लांबून खरोखर येईल त्याचं वर्तुळ मारा. त्या वर्तुळाबाहेर एक रुपयाही खर्च करायचा नाही.

तिसरी पायरी: एका गिऱ्हाइकामागे किती खर्च परवडतो?

हे गणित न करता जाहिरात देणारे फार. समजा, एका डब्यामागे सगळं जाऊन २० रुपये उरतात. महिन्याला २६ डबे, म्हणजे ५२० रुपये. गिऱ्हाईक साधारण चार महिने टिकलं तर २,०८० रुपये. असं एक गिऱ्हाईक मिळवायला चारपाचशे रुपये गेले तरी चालतील.

आता केक घ्या. एका केकमागे २०० रुपये उरतात आणि तेच घर वर्षातून दोनदा ऑर्डर देतं. वर्षाचे ४०० झाले. इथे गिऱ्हाईक मिळवायला पाचशे घातले तर पहिलं वर्ष तोट्यात.

समजा, पत्रकं छापून पेपरात टाकण्याचा खर्च सहा हजार आला आणि आठ नवी गिऱ्हाइकं आली. माणशी साडेसातशे पडले. डबेवाल्या ताईंना हे जड जाईल तरी निदान भरून निघेल, केकवाल्या मुलीला मात्र ते बुडवेल. पत्रक तेच, पेपर तोच, फरक फक्त धंद्याचा. "अमक्याला जाहिरातीचा खूप फायदा झाला" हे ऐकून कुणी निर्णय घेऊ नये असं मी सांगतो, ते यासाठी. हे आकडे समजुतीपुरते आहेत, तुमचे तुम्ही वहीत भरा.

चौथी पायरी: फुकटातलं आधी पूर्ण करा

दुकानाची पाटी ही चोवीस तास चालणारी जाहिरात. ती मराठीत, देवनागरीत लागतेच. २०२२च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही हा नियम लागू आहे आणि मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. पण नियमापलीकडे एक गोष्ट बघा: पाटीवर नावापेक्षा काम मोठं लिहा. "अमुक एंटरप्रायझेस" वाचून आत चकल्या मिळतात की सिमेंट, हे कळत नाही. पाटी लावल्यावर रस्त्याच्या पलीकडे उभं राहून वाचून बघा. संध्याकाळी दिवे लागल्यावर पुन्हा एकदा बघा.

मग गूगलवर धंद्याची नोंद करा. त्याला पैसे लागत नाहीत. "नोंदणीचे एवढे भरा, तुमचं नाव पहिलं दाखवतो" असा फोन आला तर तो गूगलचा नसतो, ठेवून द्या. पडताळणीसाठी बहुतेकदा सलग व्हिडिओ मागतात: रस्ता, पाटी, आतली जागा. घरून धंदा असेल तर पत्ता लपवून नुसता परिसर दाखवता येतो. नाव पाटीवर आहे तेच ठेवा, फोटो स्वतःच्या मालाचे टाका, वेळा खऱ्या लिहा. दुपारी एक ते चार बंद ठेवत असाल तर तेही लिहा. बंद दारावरून परत गेलेलं माणूस पुन्हा येत नाही. माहिती मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे भरा, कारण "पोळी भाजी नौपाडा" हे बरेच जण रोमन लिपीत टाइप करतात.

अभिप्राय मागायचा तर माल हातात दिल्यावर, गिऱ्हाईक खूश असताना मागा. लाजू नका. विकत मिळणारे अभिप्राय मात्र घेऊ नका. ते गूगलच्या नियमांत बसत नाहीत, पकडले गेले तर काढून टाकले जातात, आणि वाचणाऱ्यालाही ते ओळखू येतात. कुणी वाईट लिहिलं तर शांतपणे उत्तर द्या. नवं गिऱ्हाईक तक्रारीइतकंच तुमचं उत्तरही वाचतं.

व्हॉट्सॲपचं बिझनेस ॲपही मोफत आहे. त्यात मालाची यादी किमतीसह लावता येते, नेहमीची उत्तरं साठवता येतात, नवी-जुनी गिऱ्हाइकं लेबल लावून वेगळी करता येतात. ब्रॉडकास्ट यादीत एका वेळी २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर साठवलाय त्यांनाच निरोप पोचतो. म्हणून बिल देताना "नंबर सेव्ह करून ठेवा, उद्याची भाजी सकाळी कळवते" एवढं म्हणायची सवय लावा. न विचारता कुणाला ग्रुपमध्ये ओढू नका. "ठाण्यातले दहा हजार नंबर" विकणारे भेटतील, ते तर मुळीच घेऊ नका. परवानगीवाचून केलेले व्यापारी मेसेज आणि फोन ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, नियमांत बसत नाहीत, आणि लोकांनी ब्लॉक करून तक्रारी केल्या की तुमचा धंद्याचा नंबरच बंद पडू शकतो.

पाचवी पायरी: पैसे टाकायचे तर कुठे

पत्रकांबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण ते माझं रोजचं काम.

ऑफसेटच्या छपाईत प्लेट आणि मशीन लावण्याचा खर्च एकदाच असतो, त्यामुळे नग वाढले की दर उतरतो. हजाराचा भाव ऐकून पाच हजारांचा विचारलात की पाच हजार स्वस्त वाटतात आणि माणूस मोहात पडतो. पण चार हजार पत्रकं चुकीच्या घरात गेली तर ती स्वस्त कसली? पहिल्या वेळी तीनशे-पाचशे डिजिटलवर, म्हणजे प्लेटशिवाय, छापा. नगामागे जास्त पडतील, पण चूक कळेल ती थोडक्यात कळेल.

पत्रकं पेपरात टाकायची असतील तर एकदा पहाटे साडेचारला स्वतः जाऊन बघा. बंद दुकानांच्या पायऱ्यांवर, फुटपाथवर गठ्ठे सुटलेले असतात. चारपाच जण मांडी घालून पेपरात पुरवण्या भरत असतात. डाव्या हाताने पेपर उघडला, उजव्या हाताने पत्रक सरकवलं, की पुढचा. बोलायला कुणाला फुरसत नसते. तिथे उभं राहिलात की दोन गोष्टी कळतात. पहिली, प्रत्येक पोऱ्याची ठरलेली लाइन असते, म्हणजे अमुक इमारती त्याच्या. एजंटला सांगा, "मला फक्त या दोन लाइनी हव्यात." दुसरी, रविवारच्या पेपरात आधीच चारपाच पत्रकं असतात आणि त्या गठ्ठ्यात तुमचं दबतं. मी बुधवार-गुरुवार सुचवतो. पाऊस असेल त्या दिवशी थांबवा. आणि पेपर आता प्रत्येक घरात येत नाही. आजी-आजोबा असलेल्या घरांत येतो, नव्या टॉवरमधल्या तरुण जोडप्याकडे बरेचदा नाही. फिजिओथेरपी, घरपोच किराणा, फराळ यांना पेपर अजून चांगला. जिमला नाही.

पत्रकावर एकच गोष्ट सांगा. बारा सेवांची यादी कुणी वाचत नाही. काय, कितीला, कुठे, फोन. पत्त्यापेक्षा खूण महत्त्वाची: "कोपिनेश्वर मंदिराच्या मागच्या गल्लीत" हे "शॉप नं. ४, तळमजला"पेक्षा लवकर कळतं. फोन नंबर एवढा मोठा हवा की आजोबांना चष्म्याशिवाय दिसेल. दोन लाइनींसाठी पत्रकाच्या कोपऱ्यात वेगळ्या रंगाचा ठिपका छापून घ्या आणि "हे पत्रक दाखवा, पन्नास रुपये कमी" असं लिहा. परत आलेल्या पत्रकांवरचे ठिपके मोजले की कोणती लाइन चालली ते कळतं. एवढ्या साध्या गोष्टीसाठी मी जास्तीचे पैसे घेत नाही. तुमच्या छापणाऱ्यानेही घेऊ नयेत.

घोडबंदर पट्ट्यातल्या मोठ्या संकुलांत शनिवार-रविवारी सोसायटीच्या आवारात टेबल मांडता येतं. त्याचे पैसे सोसायटीला भरायचे असतात. सेक्रेटरी किंवा मॅनेजरकडून पावती घ्या, वेळ आणि जागा लिहून घ्या. मांडायला स्वतः बसा, पगारी मुलगा बसवू नका. खाण्याचं असेल तर चव द्या. शिवणकाम असेल तर दोन ब्लाउज उलटे करून आतली शिवण दाखवा, बायका तीच बघतात. फोन नंबर घेताना "निरोप पाठवू का?" हे विचारून घ्या. माझ्या अनुभवात डबे, लोणची, शिकवणी, पाळणाघर यांना या टेबलाइतकं दुसरं काही लागू पडत नाही, कारण लोक माणूस बघून ठरवतात.

फेसबुक-इन्स्टाग्रामवर जाहिरात द्यायची असेल तर दुसऱ्या पायरीतलं वर्तुळ तिथे जसंच्या तसं टाका. दुकानाचा पिन, भोवती दोन-तीन किलोमीटर. दिवसाला दोनशे-तीनशे रुपये, दहा दिवस. त्यावर १८% जीएसटी धरून चाला. उद्देश विचारला जातो तिथे "व्हॉट्सॲपवर मेसेज" निवडा, लाइक किंवा व्ह्यूज नको. कल्याणच्या चारशे लाइकांनी पाचपाखाडीतलं सलून भरत नाही. आणि ज्या दिवसांत जाहिरात चालू असेल त्या दिवसांत मोबाइल हातात ठेवा. रात्री नऊला विचारलेल्या भावाला दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर दिलंत, तर तोवर त्याने दुसरीकडे ऑर्डर दिलेली असते. हे पैसे जाहिरातीने नाही, उशिराने बुडवले.

रिक्षाच्या मागची जाहिरात, टीएमटीची बस, रेडिओ हे सगळं नावाची ओळख पक्की करायला ठीक, पण त्याला महिनोन् महिने पैसा लागतो. पहिल्या वर्षी त्या वाटेला जाऊ नका.

विजेच्या खांबांवर, झाडांवर, चौकाच्या कठड्यांवर फ्लेक्स लावू नका. महापालिकेच्या परवानगीशिवाय तो लावणं हा १९९५च्या मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, आणि फ्लेक्सवर तुमचा फोन नंबर असल्याने शोधायलाही कुणाला त्रास पडत नाही. १३ मे २०२४ला घाटकोपरला वादळात महाकाय होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळून १७ माणसं गेली. तुमचा फ्लेक्स लहान असेल, पण सुटलेली सळई स्कूटरवाल्याच्या डोळ्यात जायला किती वेळ लागतो? परवानगीचा कागद दाखवल्याशिवाय मी रस्त्यावरचा फ्लेक्स छापत नाही.

मजकुराबद्दलही थोडं. खाद्यपदार्थ विकत असाल तर एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी आधी करा. तो १४ अंकी क्रमांक पाकिटावर हवा. "मधुमेह मुळापासून बरा", "आठ दिवसांत केस" असलं काही छापू नका. औषधं आणि जादुई उपायांच्या जाहिरातींबद्दलच्या १९५४च्या कायद्याने ठरावीक रोग बरे करण्याचे दावे जाहिरातीत करायला बंदी आहे, आणि २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे. त्याहून मोठं म्हणजे, असलं वाचून कुणी औषध थांबवलं तर?

सहावी पायरी: वेळ

दिवाळी पहाटेला तलावपाळीवर आणि राममारुती रोडवर तुडुंब गर्दी असते, म्हणून लोक तेव्हाच्या पत्रकांची चौकशी करतात. पण फराळाची ऑर्डर त्या दिवसापर्यंत केव्हाच दिलेली असते. फराळाची यादी घटस्थापनेला बाहेर पडली पाहिजे. उकडीच्या मोदकांची नोंद गणपतीच्या तीन आठवडे आधी. शिकवणीची जाहिरात निकालाच्या दिवसांत, गळतीच्या कामाची मेमध्ये. गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेत पारंपरिक कपडे-दागिने नजरेत भरतात, पण शिवायला टाकायचे ते महिनाभर आधी.

आणि जमेल तेवढंच बोलवा. कळव्याच्या एका शिवणकाम करणाऱ्या ताईंनी नवरात्राआधी जाहिरात दिली आणि ऑर्डरी एवढ्या आल्या की निम्मे ब्लाउज दसऱ्यानंतर गेले. नव्या गिऱ्हाइकांबरोबर जुनीही तुटली. आठवड्याला किती काम हातून नीट होतं तो आकडा आधी लिहा, मग जाहिरात.

सातवी पायरी: सहा आठवडे, एकच बदल

एका वेळी एकच मार्ग घ्या आणि त्याला सहा आठवडे द्या. पत्रक, टेबल आणि इन्स्टाग्राम एकाच आठवड्यात सुरू केलं तर कशाने काय झालं ते वही सांगू शकत नाही. सहा आठवड्यांनी खर्च भागिले नवी गिऱ्हाइकं, एवढाच भागाकार. आलेला आकडा तिसऱ्या पायरीतल्या आकड्याखाली असेल तर तेच पुन्हा करा, कंटाळा आला तरी. वर असेल तर मजकूर किंवा जागा बदलून एकदा बघा. तरीही वरच राहिला तर थांबा आणि पुढचा मार्ग घ्या.

वर्तकनगरच्या ताई अजून दर मे महिन्याच्या शेवटी येतात. जूनमध्ये कॉलेजची आणि नव्या नोकरीची मुलं भाड्याने राहायला येतात, तेव्हा कार्डं लागतात. तीनशे, जाड कागद, एका बाजूला फोन नंबर, दुसऱ्या बाजूला आठवड्याच्या भाज्या. पहिल्यांदा त्यांनी मागच्या बाजूला देवाचा फोटो मागितला होता. वहीत सारखं "रोज काय असतं?" असं विचारलेलं दिसल्यावर आम्ही तिथे भाज्या छापल्या. यंदा त्यांनी गुरुवारची मेथी काढून तिथे मटकीची उसळ टाकायला सांगितलीय.